गाडी कशासाठी धुतली

चंद्रपूरहून पहिल्या एसटीनं परतलो आणि फाटकातूनच दिसलं, की घरमालकांच्या अँबॅसडरची मागची सीट बाहेर काढून अंगणातल्या बैलबंडीवर उन्हात पालथी घातली आहे. पायाखालचे रबरी मॅट कुंपणावर टाकलेले. घरमालकीणबाई एका हातात पितळेचा लोटा आणि दुसऱ्या हातात कडुलिंबाची डहाळी घेऊन मागच्या दारातून आत वाकल्या होत्या आणि डहाळी लोट्यात बुडवून आत शिंपडत होत्या. वारा माझ्याकडे येत होता. वास आला आणि कळलं, गोमूत्र आहे. दोनच दिवसांपूर्वी त्या सीटवर आडवं घालून माझ्या आईला चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं होतं. मी फाटकाला हात लावून तसाच उभा राहिलो.

त्या दिवशी मला एकच गोष्ट कळून घ्यायची होती. गाडी रोगासाठी धुतली जात होती, की आमच्यासाठी? रोगासाठी असेल तर भांडणच नव्हतं. आमच्यासाठी असेल तर संध्याकाळच्या आत बायकोला घेऊन ती खोली सोडायची, असं मी फाटकातच ठरवून टाकलं. बायकोला सातवा महिना होता, आई दवाखान्यात होती, पावसाळ्याचे दिवस होते आणि जायला दुसरी जागा नव्हती. पण माझा स्वभाव असाच. आधी ठरवायचं, मग घाबरायचं.

आम्ही बौद्ध. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, माझा जन्म त्याच्या आगेमागेचा. आमचं गाव सिंदेवाहीकडचं. तिथला शिंपी माप घ्यायचा तेव्हा टेपचं एक टोक मला खांद्यावर धरायला लावायचा आणि दुसरं टोक स्वतः धरून लांबूनच आकडा वाचायचा. माझा सदरा कायम काखेत काचायचा. मोठा झालो, नोकरी लागली, पण समोरच्यानं हात जरा मागे घेतला की माझं लक्ष आधी तिकडे जायचं. कधी कधी त्या बिचाऱ्याला नुसती खाज सुटलेली असायची.

नोकरी आरोग्य कर्मचाऱ्याची. सावली तालुक्यातल्या एका मोठ्या गावी नेमणूक होती. तापाच्या रोग्यांच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकायची आणि गावोगाव सभा घेऊन लोकांना शहाणं करायचं. यातलं तिसरं काम मला सगळ्यात आवडायचं. समोर पंधरा माणसं बसली की माझा आवाज आपोआप मोठा व्हायचा. लोक मला ‘डाक्टर’ म्हणत. पहिल्यांदा मी त्यांची चूक दुरुस्त करायचो, मग कंटाळलो, मग ते ऐकायला बरं वाटू लागलं.

खोली मिळाली ती धानाची शेती असलेल्या एका घरी, त्यांच्या कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, घराला लागूनच. मालक पन्नाशीचे, आडव्या अंगाचे, बोलायला मोकळे. त्यांना सगळे भाऊ म्हणत, त्यांच्या बायकोला बाई. भाऊंनी कुठल्याशा निवृत्त साहेबाची जुनी अँबॅसडर घेतली होती आणि आसपासच्या पाच-सहा गावांत तेवढीच एक गाडी होती. त्यामुळे नवरानवरी त्याच गाडीत, बाळंतीणही त्याच गाडीत आणि साप चावलेला माणूसही त्याच गाडीत. भाऊ स्वतः चालवत.

खोली देताना त्यांनी जात विचारली नव्हती. आडनावावरून कळलीच असणार. मग न विचारणं हा मोठेपणा होता, की विचारायची गरजच नव्हती, यावर मी आठवडाभर डोकं खाजवलं. बाई आमच्याकडे वाटीभर भाजी पाठवायच्या. आम्ही वाटी घासून परत दिली की त्या ती पुन्हा विसळून घ्यायच्या. मी पाळत ठेवली, तर शेजारणीकडून आलेली वाटीही त्या विसळत होत्या. मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, शेजारणीची एकदा विसळली, आमची दोनदा विसळली का? बायको म्हणाली, “तुमी इथी नोकरीले आले का वाट्या पाहाले?”

त्या पावसाळ्यात आई आमच्याकडे आली होती. गावाच्या खालच्या टोल्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, विहिरीत पुराचं पाणी शिरलं आणि तिथं हगवण-ओकारीची साथ लागली. मी दिवसभर ब्लीचिंगचा डबा घेऊन फिरत होतो, सभा घेत होतो. रोग्यानं जिथं ओकलं, जिथं घाण झाली, ती प्रत्येक जागा ब्लीचिंगनं धुवा. घर असो, बंडी असो, खाट असो. डब्याचं झाकण घट्ट लावून ठेवा, उघडं राहिलं की ब्लीचिंगचा दम निघून जातो आणि हाती नुसता चुना राहतो. हे सगळं मी चावडीसमोर उभं राहून सांगितलं होतं आणि भाऊ पुढच्याच रांगेत बसून मान डोलवत होते. आणि आमची आई त्याच टोल्यातल्या एका नातेवाइकाकडे जाऊन पाणी पिऊन आली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिचे डोळे आत गेले. मीठ-साखरेचं पाणी पोटात टिकेना. आमच्या आरोग्य केंद्रातल्या सलाइनच्या बाटल्या साथीत संपलेल्या, तिथली जीप दुसऱ्या गावी गेलेली. मी अंगणात नुसताच इकडून तिकडे फिरत होतो. भाऊ जेवत होते. त्यांनी हात धुतला, खुंटीवरची किल्ली घेतली आणि म्हणाले, “घाला जी मागं. बाई, तू बस बुडीजवळ.” मी मागितलीसुद्धा नव्हती गाडी.

बाई मागे बसल्या आणि आईचं डोकं त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतलं. मी पुढे. मूल गावच्या रस्त्यानं चंद्रपूर येईपर्यंत आईला किती वेळा झालं ते सांगत नाही. सगळं सीटवर, खाली मॅटवर, बाईंच्या लुगड्यावर. बाई पदरानं तिचं तोंड पुसत होत्या आणि म्हणत होत्या, “होऊ द्या जी माय, लाजू नोका.” दवाखान्यात आईची शीर सापडेना, तिसऱ्यांदा सुई टोचली तेव्हा सापडली. बाटल्या चढल्या. ती वाचली. भाऊ आणि बाई त्याच संध्याकाळी गाडी घेऊन गावी परतले, कारण म्हशी बांधलेल्या होत्या. मी दोन दिवस थांबलो आणि मग आईजवळ बहिणीला ठेवून पहाटेची एसटी धरली.

आता वाचणाऱ्याला कळेल, की फाटकात मी का गोंधळलो. जिनं माझ्या आईचं डोकं मांडीवर घेतलं, तीच बाई तिसऱ्या दिवशी गाडीत गोमूत्र शिंपडत होती. यातलं खरं कुठलं? आणि त्याहून वाईट म्हणजे, गाडी धुवा असं गावाला सांगणारा मीच होतो. तक्रार करायची तर कोणत्या तोंडानं?

भाऊंनी मला पाहिलं. धोतर खोचून ते बादलीत काठीनं काहीतरी ढवळत होते. “या डाक्टर. बुडी कशी आहे?”

“बरी आहे.”

“चांगलं झालं. आता तुमच्याच पद्धतीनं करून राह्यलो पाहा. दोन दिवस झड होती, म्हणून आज काढली. ब्लीचिंग किती टाकू? मी तीन मुठी टाकलं.”

बादलीत चुन्यासारखं घट्ट पांढरं पाणी होतं. मला विहिरीचं माप पाठ होतं. गाडीचं माप मला कोणी शिकवलं नव्हतं. रेक्झीनची सीट, आत काथ्या, त्याखाली स्प्रिंगा, याला किती आणि कसं, हे मला कळत नव्हतं. एरवी मी ठोकून दिलं असतं. त्या दिवशी ठोकून द्यावंसंही वाटेना. माझे डोळे बाईंच्या लोट्यावर होते. त्या मागच्या सीटच्या रिकाम्या जागेत, पत्र्यावर, उरलेलं सगळं ओतत होत्या.

इथं मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्या आरोग्य केंद्राच्या मागे मुतारी होती. पहिल्या वर्षी तिथं मी एकदा भरपूर ब्लीचिंग टाकलं होतं, तिचा वास जावा म्हणून. असा काही झोंबरा वाफारा उठला की मी आणि कंपाउंडर दोघं डोळे चोळत, ठसकत बाहेर पळालो. मोठ्या डॉक्टरांनी मला झाडलं. लघवीवर ब्लीचिंग टाकलं की विषारी वायू होतो, कशातच काही मिसळायचं नाही, ब्लीचिंग एकटंच वापरायचं, एवढं तुला कळत नाही? ते मी कधी विसरलो नाही. लघवी माणसाची असो की गाईची, ब्लीचिंगला फरक पडत नाही हे कळायला फार शिक्षण लागत नाही.

आणि तरी त्या अंगणात भाऊंनी विचारलं, “सांगा ना जी, किती टाकू?” तेव्हा मी म्हणालो, “तुमाले जसं वाटते तसं करा.” आणि खोलीकडे वळलो.

मला मुतारी तेव्हा आठवली होती का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारला आहे, की आता उत्तराचा भरवसा राहिला नाही. कधी वाटतं, आठवली नव्हती, मी नुसता रुसलो होतो. कधी वाटतं, लोटा पाहिला त्याच क्षणी आठवली होती आणि मनात आलं होतं, घ्या आता, शिंपडा. एवढं नक्की आठवतं, की वळताना मला थोडं बरं वाटलं होतं. ते कशानं वाटलं, ते मला शोधायचं नव्हतं.

खोलीत बायको भाजी निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “मी सकाळपासून पाहून राह्यली. मग? विचारा त्यांले.”

“काय विचारू?”

“हेच. काऊन शिंपडून राह्यले म्हणून. आणि तसं असन तर जाऊ. मी चालन बंडीत.” ती हे इतक्या शांतपणे म्हणाली की मलाच धसका बसला. मी पाय धुवायला मागच्या दारी गेलो.

तांब्यानं पायावर पाणी घेत होतो, तेव्हा पहिला खोकला ऐकू आला. बाईंचा. मी दुसरा तांब्या घेतला. मग दोन-तीन ठसके एकदम. मग गाडीच्या काचेवर आतून हात आपटल्यासारखा आवाज झाला आणि मी तांब्या टाकून पळालो.

गाडीच्या चारही काचा वर चढवलेल्या होत्या आणि चारही दारं बंद. आत सीट नव्हती तिथं बाई उकिडव्या बसलेल्या, डोळे मिटलेले, एका हातानं पदर नाकाला आणि दुसरा हात दाराचा खटका चाचपत होता. मी बाहेरून दार उघडलं. आतून जो वास आला तो मुतारीचाच होता, पण कितीतरी मोठा. त्यांच्या दंडाला धरून मी त्यांना बाहेर ओढलं. त्या माझ्या अंगावरच पडल्या. मग त्यांना वाऱ्याच्या उलट्या बाजूला, गोठ्याच्या पलीकडे नेऊन बसवलं आणि विहिरीचं थंड पाणी त्यांच्या डोळ्यांवर ओतत राहिलो, बादलीमागून बादली. बायको पाणी शेंदत होती. सातव्या महिन्यात तिनं शेंदायला नको होतं, पण मला तिला नको म्हणायला फुरसत नव्हती.

भाऊ घरातून दुसरी बादली घेऊन येत होते. ते बादलीसकट उभेच राहिले. “काय झालं जी? तिच्यानं झेपलं नाई का? वास तर येतेच ब्लीचिंगचा.”

“काचा काऊन बंद केल्या भाऊ?”

“दम जाऊ नये म्हणून. तुमीच सांगतलं ना, उघडं ठेवलं की दम जाते. मी म्हटलं, बंद करून धुतलं म्हणजे सगळा दम आतच राहीन, जंतू मरतीन.” ते अगदी खरं तेच सांगत होते. आत मावायचं म्हणून अंगानं बारीक असलेल्या बाईंना त्यांनी आत बसवलं, बादली दिली आणि दार लावून घेतलं. बाईंनी गोमूत्र ओतलेल्या पत्र्यावरच ती बादली रिकामी केली आणि चिंधीनं घासायला लागल्या. झोंबायला लागलं तेव्हा त्यांना वाटलं, हे असंच असतं, डाक्टरचं औषध आहे, एवढा कोपरा घासून होऊ दे.

तासाभरानं बाईंचा श्वास सरळ झाला. डोळे लाल होते, आवाज पार बसला होता. मी म्हणालो, चंद्रपूरला जाऊ. त्या मानेनंच नाही म्हणाल्या. आमच्या डॉक्टरांना सायकलवर जाऊन घेऊन आलो. त्यांनी छाती तपासली, थेंब दिले, धोका टळला म्हणाले आणि झालं काय म्हणून विचारलं. भाऊंनी सगळं सांगितलं, गोमूत्रासकट. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मुतारीच्या वेळी झाडणारे तेच. मग बॅग उचलून गेले.

दुपारभर मग मी गाडी धुतली. भाऊंना हात लावू दिला नाही. ते बंडीच्या जुवावर बसून बघत होते. केंद्रातून रबरी हातमोजे आणले, त्यातल्या एकाच्या बोटाला भोक होतं, तिथं चिकटपट्टी लावली. आधी चारही दारं आणि डिकी सताड उघडी करून आतला वास पुरता जाऊ दिला. मग बाहेरूनच, विहिरीच्या साध्या पाण्यानं पत्रा धू धू धुतला, जोवर गोमूत्र आणि ब्लीचिंग दोन्ही निघून गेलं असं वाटेना. मग साबणाचं पाणी. सीटच्या शिवणीत जी घाण वाळून बसली होती ती कापडाच्या चिंध्यांनी भिजवून काढली, चिंध्या खड्ड्यात पुरल्या. हे आधी करावं लागतं. घाण तशीच ठेवून वरून औषध ओतलं तर औषध घाणीवरच खर्च होतं, हे मला सभेत सांगायचं सुचलं नव्हतं.

मग नवं ब्लीचिंग कालवलं, पातळ, आणि खाली गाळ बसू दिला. वरची निवळ तेवढी दुसऱ्या बादलीत घेतली. सीटच्या खालच्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, आधी बोटभर लावून पाहिली. रेक्झीनचा रंग थोडा उडाला, पण चाललं असतं. ओतलं काहीच नाही. कापड ओलं करून, पिळून, पुसत गेलो. दारांचे खटके, काचा फिरवायचे दांडे, पुढच्या सीटची पाठ, जिथं जिथं हात लागतो ते सगळं. पुढे मीटरच्या खाली वायरी होत्या, तिकडे ओलं नेलंच नाही. मग चहा होईल एवढा वेळ थांबलो, कारण लगेच पुसलं तर काही उपयोग नसतो. मग साध्या पाण्याच्या फडक्यानं दोनदा आणि शेवटी कोरड्यानं. स्प्रिंगांना गंज धरेल म्हणून त्या वेगळ्या पुसल्या. सीटच्या आतला काथ्या मात्र ओला राहिला होता, त्याला आणखी दोन दिवस ऊन लागणार होतं.

हे असंच करायचं असतं का, ते मला आजही ठाऊक नाही. गाडीबद्दल कुठल्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. मी विहिरीचं ज्ञान गाडीला लावत होतो, भाऊंनी डब्याचं लावलं तसं. फरक एवढाच, की मी दारं उघडी ठेवली होती.

हात चालू होते आणि डोक्यात तो प्रश्न. आता कसा विचारू? सकाळी विचारला असता तर निदान मान ताठ ठेवून विचारला असता. जुवावर बसलेल्या भाऊंनाच म्हणालो, “भाऊ, बाई गोमूत्र काऊन शिंपडत होत्या?”

“मले काय माहीत? तिचं ते चालतच राह्यते. मागच्या साली माह्या साडभावाचं मढं आणलं गाडीत, तेव्हाबी शिंपडलं होतं.” खिसा चाचपत ते म्हणाले, “नवीन गाडी आली तेव्हाबी शिंपडलं होतं.”

याचा अर्थ काय घ्यायचा? मेलेल्या माणसासाठी शिंपडतात, नव्या गाडीसाठी शिंपडतात, मग माझ्या आईसाठी ते कुठल्या खात्यात? तिची गणना आजारात, की विटाळात, की फक्त सवयीत? भाऊंच्या तोंडाकडे पाहिलं तर तिथं काहीच नव्हतं, ते बिडी शोधत होते. उत्तर बाईंकडेच होतं. आणि संध्याकाळच्या आत मला ते हवं होतं, कारण खोलीत बायकोनं दोन लुगडी आणि माझे सदरे पेटीत भरायला काढून ठेवले होते. मी मुद्दाम डोकावून पाहिलं होतं.

दिवेलागणीच्या आधी मी हात कोपरापर्यंत साबणानं धुतले आणि बाईंकडे गेलो. त्या ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळ्यांवर ओली चिंधी. माझी चाहूल लागली तशी त्यांनी चिंधी काढली. डोळे अजून लालच होते. मी समोर बसलो. वाक्य तयार होतं, दुपारभर मनात घोळवलेलं. बाई, एक विचारतो, राग नका मानू. एवढं म्हणायचं आणि पुढचं म्हणून टाकायचं.

“बाई,” मी म्हणालो.

“डाक्टर, थांबा जी.” आवाज इतका बसला होता की मला पुढे वाकावं लागलं. “मले एक सांगा. गाडीत मी जे ओतलं आणि तुमचं ते पावडर, दोन्ही मिळून असं झालं ना?”

“हो.”

“मी दिवसभर तेच घोकून राह्यली. मले तर यातलं काई कळत नाई.” त्यांनी खोकला आवरला. “तुमाले मालूम होतं का, असं होते म्हणून?”

मी लगेच म्हणालो, “नाई.”

थांबलोसुद्धा नाही. विचार करायला, आठवायला, निदान अडखळायला तरी थांबायला हवं होतं.

बाईंनी मान हलवली आणि चिंधी पुन्हा पाण्यात बुडवली. “मले वाटलंच. भाऊ म्हणत होते, डाक्टर तर इथीच उभे होते, त्यायनं पाह्यलं होतं. मी म्हटलं, माणूस तसा नाई. मालूम असतं तर त्यायनं मले आत जाऊ देलं असतं का?” मग त्यांनी विचारलं, “तुमी काय म्हणत होते जी?”

“काई नाई. बरं वाटते का, ते पाहाले आलो होतो.”

“वाटते जी,” त्या म्हणाल्या आणि चिंधी डोळ्यांवर ठेवली.

मी खोलीत आलो. बायको पेटीजवळ बसली होती, कपड्यांची घडी मांडीवर. “विचारलं का?”

“नाई.”

“काऊन?”

मी तिच्या मांडीवरून सदरे उचलले आणि एकेक करून परत दोरीवर टाकायला लागलो. ती माझ्याकडे बघत राहिली.

“आपण इथीच राहू,” एवढंच म्हणालो.